‘कोबाल्ट ब्लू’मध्ये विश्वासघात नक्की कोणी केला?

कृष्णाकाठ

धागा काढायची ही माझी पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. कादंबरी २००६ची आहे, तरी ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरा. पुढे सगळं फोडलंय.

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सहा जणी जमतो. एक पुस्तक, एक डबा, दोन तास. या वेळी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ होती आणि डब्यात ओल्या नारळाच्या करंज्या, त्यामुळे पहिली वीस मिनिटं साहित्यसेवा झालीच नाही. ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी: पुण्यातलं चारचौघांसारखं मराठी घर. आई-वडील, मोठा असीम, मग तनय आणि अनुजा. घरात एक पेइंग गेस्ट राहायला येतो. चित्रं काढणारा, मागेपुढे कोणी नसलेला. तनय त्याच्या प्रेमात पडतो. अनुजाही पडते. एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, पुढे तो तिलाही सोडून जातो आणि ती घरी परत येते. पहिल्या भागात तनय बोलतो, ‘त्या’च्याशीच. दुसरा भाग म्हणजे अनुजाची डायरी. त्या माणसाचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आमच्यात वाद झाला तो विश्वासघात कोणी केला यावर. चौघींनी सरळ त्या पाहुण्यावर बिल फाडलं. एक जण म्हणाली आईनेच केला, घरात वाढलेला मुलगा तिला दिसू नये म्हणजे काय. मी गप्प बसले. मला त्या वेळी मामा आठवत होता आणि ते तिथे बोलवेना.

कादंबरीत मला सगळ्यात लागलं ते हे. अनुजा परत आल्यावर घर तिच्याभोवती गोळा होतं. चांगलं असो वाईट असो, तिचं काहीतरी गेलंय हे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्याच घरात, त्याच माणसामुळे, तनयचंही तेवढंच गेलंय. पण त्याने घरात तोंड उघडायची सोय नाही. उलट बहिणीची काळजी करणारा भाऊ म्हणून त्याने वावरायचं. एका घरात एकाच माणसासाठी दोघं रडतायत आणि त्यातल्या एकालाच रडायची परवानगी. आपल्याकडे कोणाला किती दिवस सुतक, सोयर कोणाला, नुसती आंघोळ कोणाला, याचे हिशेब पंचांगवाल्यांना तोंडपाठ असतात. तनयसारख्याला त्यात घर नाही.

आता मामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ. पाटबंधारे खात्यात कारकून, लग्न केलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला साताऱ्याला एका वाड्यात तो आणि त्याचा एक मित्र एकाच खोलीत नऊ वर्षं राहिले. १९७९ साली त्या मित्राचं लग्न झालं. लग्नात मामाकडे कोठी होती. मी आठ वर्षांची होते, मला एवढंच आठवतंय की कोठीची किल्ली त्याच्या जानव्याला होती आणि मी बुंदीचा लाडू मागायला गेले तेव्हा तो आतून कडी लावून बसला होता. पोत्यावर. मला वाटलं लाडू मोजतोय.

पुढे मित्र बायकोला घेऊन कोकणात गावी गेला आणि मामा बदली घेऊन आमच्याकडे कराडला राहायला आला. जून १९८६ मध्ये माझा दहावीचा निकाल लागला, त्याच सुमाराला पत्र आलं. पोस्टकार्ड, कोपरा फाडलेलं. मित्र काविळीने गेला होता. मामाने वाचलं, घडी केली, खिशात घातलं. असलं पत्र वाचून झालं की फाडून टाकायचं असतं हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून ती घडी डोळ्यात राहिली.

त्यानंतर मामाने दाढी केली नाही. माझ्या निकालाचे पेढे खाल्ले नाहीत. घरी सत्यनारायण होता तेव्हा तो पडवीत बसून राहिला, आरतीला आत आला नाही, तीर्थ घेतलं नाही. त्याचं पोट बिघडलंय, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्याचं ताटही बाहेरच गेलं. प्रसादाचा शिरा द्रोणात तसाच राहिला आणि संध्याकाळी त्याला मुंग्या लागलेल्या मी बघितल्या. मला त्याचा भयंकर राग आला होता. माझा निकाल, माझी पूजा आणि हा माणूस पडवीत दाढीचे खुंट वाढवून बसलाय.

गेल्या महिन्यात तनयचा भाग वाचताना रात्री दीड वाजता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोट वगैरे काही बिघडलं नव्हतं. मामा सुतक पाळत होता. ज्याने त्याला सोडून लग्न केलं, त्याचं.

मामा २००९ मध्ये गेला. विचारायला आता कोणी नाही.

तर प्रश्न असा: तुम्हाला ही कादंबरी विश्वासघाताची वाटते का? वाटत असेल तर कोणाच्या? मला तो पाहुणा दोषी वाटतच नाही, आणि असं वाटणं बरोबर आहे का तेही कळत नाही.

अवांतर: वाचनालयाच्या प्रतीत एका पानाच्या कडेला कोणीतरी बॉलपेनने ‘शी!!’ लिहिलंय. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, पेन्सिलने, बारीक: ‘का?’

---

खडूस_वाचक

धागा चांगला आहे, पण प्रश्नाचं उत्तर तुम्हीच धाग्यात देऊन ठेवलंय, मग आम्ही काय करायचं.

माझं मत विचाराल तर विश्वासघात लेखकाने केलाय. त्या पाहुण्याला त्याने एकदाही स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं नाही. दोन माणसं आळीपाळीने त्याच्याबद्दल सांगतात आणि दोघांच्या सांगण्यातून एक देखणं, निळसर धुकं उभं राहतं. आईबाप नाहीत, नाव नाही, गाव नाही, लाज नाही, हिशेब नाही. असा माणूस मला चाळीस वर्षांत भेटलेला नाही. ज्याला काहीच नाही तो कोणाचा विश्वासघात करणार? फसवायलासुद्धा माणसाला पत्ता लागतो.

भाषा मात्र उत्तम. मराठीत इतकं कमी आवाजात लिहिणारे फार नाहीत.

मामांचं वाचून वाईट वाटलं. पण ताई, जरा दमाने. दोन मित्र नऊ वर्षं एका खोलीत राहिले यावरून तुम्ही कुठल्या कुठे गेलात. आमच्या पिढीत अर्धा महाराष्ट्र कॉट बेसिसवर राहिला. मी स्वतः गिरगावात सात जणांबरोबर एका खोलीत राहिलोय, त्यातल्या सहा जणांची तोंडं मला पुन्हा बघायची नाहीत. पण सातवा गेला तेव्हा मीही दोन दिवस जेवलो नव्हतो. त्याला मैत्री म्हणतात.

---

गवती_चहा

वाचखूण साठवली. करंज्यांची पाकृ टाका.

सिनेमा कोणी पाहिलाय का? २०२२ला नेटफ्लिक्सवर आला. कुंडलकरांचाच, पण घर पुण्याहून उचलून कोचीला नेलं आणि माणसं इंग्रजी-हिंदी बोलायला लागली. दिसतो फार सुंदर. पण समुद्र आला आणि घुसमट गेली, असं माझं झालं. पुस्तकातलं घर कसं, जिन्यावर कोण चढलं ते स्वयंपाकघरात पावलांवरून कळावं असं वाटत राहतं.

---

आडवाट

@खडूस_वाचक, काका, सातव्या माणसासाठी तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत हे तुम्ही आज चारचौघांत, सहज, एका ओळीत लिहिलंत. मामांना ते लिहिता आलं नसतं. फरक एवढाच आहे. त्याला मैत्री म्हणा की आणखी काही.

मी तेहतीस वर्षांचा, पुण्यात राहतो, पुरुषांवर प्रेम करतो. ही कादंबरी मला अकरावीत असताना कॉलेजच्या लायब्ररीत मिळाली. नुसतं शीर्षक बघून घेतली, वाटलं चित्रकलेवर असेल. तीन दिवस दप्तरात वर्तमानपत्राचं कव्हर घालून वागवली. आज हे लिहिताना हसू येतंय, पण एक लक्षात घ्या, ती छापून आली तेव्हा तनयचं प्रेम कायद्याने गुन्हा होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. आणि गंमत म्हणजे पुस्तकात कायद्याचा धाक असा कुठे अंगावर येत नाही. तिथे पोलिसांची गरजच नाही. घर पुरेसं आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या एका वाक्याशी मात्र असहमत. तुम्ही म्हणता अनुजाला रडायची परवानगी होती. मला नाही तसं वाटत. ती परत आल्यावर घर गोळा होतं ते कशाभोवती? मुलगी पळून गेली होती, लोक काय म्हणतील, आता हिचं कसं होणार, याभोवती. घर रडतं ते अब्रूसाठी. ‘तुला तो आठवतो का गं?’ हे तिला कोण विचारतं? तिने त्याच्यासाठी रडणं हे घराच्या दृष्टीने दुसरं पाऊल वाकडं पडण्यासारखंच. तनयचं दुःख दिसत नाही आणि अनुजाचं दिसतं ते भलतंच. म्हणून तिला डायरी लागते. म्हणून त्याला ‘तू’ लागतो. घरातल्या कोणाशी बोलता येत नाही तेव्हा माणूस कागदाशी किंवा गेलेल्या माणसाशी बोलतो.

मला विचाराल तर विश्वासघात भावाबहिणीने एकमेकांचा केलाय, आणि तो प्रेमात पडून नाही केलेला. एका घरात राहून एकमेकांकडे न बघता केलाय. तिच्या डायरीत तनय किती कडेकडेने येतो ते परत बघा. आणि तनयला तरी ती आधी कुठे दिसते? दोघांचे डोळे त्याच्यावर.

बाकी परवानगीचं म्हणाल तर माझं ऐका. माझ्या सात वर्षांच्या जोडीदाराने घरच्यांच्या आग्रहाने लग्न केलं. पत्रिका मला व्हॉट्सॲपवर आली, गणपतीच्या चित्रासकट. मी आठ दिवस झोपून होतो. आईला ॲसिडिटी सांगितलं. तिने आठ दिवस दर चार तासांनी कोकम आणि जिऱ्याचं पाणी दिलं. नवव्या दिवशी म्हणाली, ‘तुझ्या त्या मित्राला फोन कर ना, तो आला की तुला बरं वाटतं.’ मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

तिला आता सगळं माहीत आहे. पण कोकम अजून देते.

---

बेंगळूरकर

एक भाषेची गोष्ट सांगायची होती, बऱ्याच दिवसांनी इथे योग्य धागा मिळाला.

माझी मुलगी इथेच वाढली. मराठी बोलते झकास, पण देवनागरी वाचताना एका पानाला अर्धा तास लागतो. म्हणून तिला जेरी पिंटोंनी केलेला इंग्रजी अनुवाद दिला, २०१३चा, आणि मी मूळ मराठी घेतलं. ठरवलं की रोज रात्री जेवणानंतर बोलायचं. मागचं कव्हर वाचायचं नाही अशी अट तिनेच घातली होती. दुसऱ्या दिवशी ती बोलत होती ती एका मुलीबद्दल! तिच्या मते एक मुलगी एका मुलाला उद्देशून बोलत होती. तीन-चार पानं तिला शंकाही आली नव्हती.

मी अवाक. मग लक्षात आलं. मराठीत ‘मी गेलो’ म्हटलं की बोलणारा पुरुष, ‘तू आलास’ म्हटलं की समोरचाही पुरुष. दोन क्रियापदांत सगळं उघड. लपायला जागाच नाही. इंग्रजीत ‘आय’ आणि ‘यू’ या दोन शब्दांच्या आड कोणीही बसू शकतं. म्हणजे जी भाषा तनयला घरात बोलू देत नाही, तिच्या व्याकरणाने त्याला पहिल्या दोन वाक्यांत सांगायला लावलंय! अनुवादकाच्या हातात हे हत्यारच नाही, त्याला दुसरीकडून यावं लागतं. पिंटोंनी ते फार नेटकेपणाने केलंय, पण मराठी वाचताना मला प्रत्येक ‘आलास’, ‘गेलास’, ‘म्हणालास’ला जे होत होतं ते मुलीला मी समजावून सांगू शकलो नाही. ती म्हणाली, ‘बाबा, तू एका स वर रडतोयस?’ हो, बाई.

अनुजाच्या डायरीत तो ‘तू’चा ‘तो’ होतो हेही बघा. तनय त्याला अजून समोर बसवून बोलतोय, अनुजा त्याची पाठ बघून लिहितेय. दोघांपैकी लवकर कोण सावरेल ते मला तिथेच कळलं. कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्याला आपण ‘तू’ म्हणतोय तोवर त्याला दोषी ठरवता येत नाही, एवढं मला वाटतं. तुम्ही तनयचा भाग जास्त मनावर घेतलाय, म्हणून तुम्हाला पाहुणा निर्दोष वाटतोय.

जाताजाता: याच पिंटोंच्या स्वतःच्या इंग्रजी कादंबरीचा शांता गोखल्यांनी केलेला मराठी अनुवाद, ‘एम आणि हूमराव’, तुमच्या शनिवारच्या मंडळात घ्या. मुंबईतलं एक गोवन कुटुंब, आईचा मानसिक आजार, आणि त्यातही घरातले सगळे खदाखदा हसतात. करंज्या तेवढ्या जास्त करा.

---

खडूस_वाचक

@आडवाट, मान्य. कोकमापर्यंत वाचलं आणि मग चष्मा पुसला. माझा मुद्दा त्या पाहुण्याबद्दलचा होता, तो मी मागे घेत नाही. मामांबद्दलचा घेतो.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आडवाट, तुमचं अनुजाबद्दलचं पटलं. परत वाचला तिचा भाग. मी पहिल्यांदा तो जरा घाईनेच वाचला होता, तनयला सोडवत नव्हतं म्हणून. म्हणजे तिच्याकडे न बघणाऱ्यांत मीही आले. बेंगळूरकर, ‘स’चं मी मंडळात सांगितलं, दोघी उठून पुस्तकं चाळायला लागल्या.

विचारायला कोणी नाही असं मी लिहिलं होतं ते तितकंसं खरं नव्हतं. आई आहे, एक्याऐंशीची, डोकं शाबूत. पण तिला काय विचारणार, असं मला वाटत होतं. काल दुपारी ती मेथी निवडत होती तेव्हा शेजारी बसले आणि म्हटलं, माझ्या दहावीच्या पूजेला मामा आत का नव्हता आला गं?

‘पोट बिघडलं होतं त्याचं.’

मी म्हटलं, असं कोणी सांगितलं?

‘मीच सांगितलं. तुझ्या बाबांना, तुला, गुरुजींना.’ आणि निवडत राहिली. चांगल्या पानांच्या ढिगात तीन-चार पिवळी गेली, एरवी एक जाऊ देत नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘अकराव्या दिवशी पहाटे बंब पेटवला. म्हटलं, ऊठ, डोक्यावरून घे. दाढीचं सामान तिथेच ठेवलं होतं फळीवर. तो काही बोलला नाही, मी विचारलं नाही.’

कादंबरीबद्दल मी तिला एक अक्षर बोलले नव्हते. माझ्याकडून तर आता बोलवतच नव्हतं. मेथीची जुडी संपली. ती पाटावरून उठता उठता, गुडघ्यावर हात ठेवून, थांबली.

‘ते पत्र त्याने फाडलं नव्हतं. गेला तेव्हा ट्रंकेत मिळालं, गरम कपड्यांच्या खाली. असलं पत्र घरात ठेवायचं नसतं. मी घाटावर जाऊन कृष्णेत सोडलं.’